हर्णैला जायचंय? जळगावकरांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न

माझं माहेर हर्णै बंदर, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. सासर चोपड्याकडचं, केळीवाल्यांचं. नवरा दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकायला आला होता, तिथून पुढे जे व्हायचं ते झालं, आणि आता बावीस वर्षं मी जळगावात आहे. दिवाळी जवळ आली की कॉलनीतल्या नाहीतर नात्यातल्या कोणाचा तरी फोन येतोच, "वहिनी, तुमच्या गावाकडे चाललो, काय काय बघू?" दरवेळी तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच लिहून टाकते, ज्याला पाहिजे त्याने पुढे पाठवा.

हर्णै म्हणजे जंजिऱ्याजवळ का?

नाही हो. ही गडबड सगळ्यांचीच होते कारण मुरुड दोन आहेत. जंजिऱ्याचं मुरुड रायगड जिल्ह्यात, आणि आमच्या शेजारचं मुरुड दापोली तालुक्यात. माझ्या नणंदेच्या जावेने मोबाइलवर नुसतं 'मुरुड बीच' टाकलं आणि मंडळी थेट जंजिऱ्याला पोचली, रूम इकडे बुक केलेली, माणसं तिकडे, आणि फोनवर ओरडा मी खाल्ला. तेव्हा 'हर्णै बंदर, दापोली' असं पूर्ण टाका. पाट्यांवर कुठे हर्णे लिहिलंय कुठे हर्णै, गाव एकच आहे.

कितला लांब शे?

(हा प्रश्न सासऱ्यांचा, दर वर्षी, जसं काही गाव मध्येच सरकतं.)

लांब आहे. जळगावहून गाडीने एका दमात जायच्या भानगडीत पडू नका. एक रस्ता धुळे, नाशिक करून पनवेल आणि मग मुंबई-गोवा हायवे. दुसरा संभाजीनगर, पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव आणि पुढे मंडणगडवरून दापोली. आम्ही पुण्यावरून जातो कारण तिथे दिराकडे एक रात्र पाठ टेकता येते. रेल्वेने जायचं तर रात्रीच्या गाडीने कल्याण, तिथून लोकलने ठाणं, आणि ठाण्याहून कोकण रेल्वेची खेडला थांबणारी गाडी. सगळ्या गाड्या खेडला थांबत नाहीत, तिकीट काढायच्या आधी हे बघा. खेडहून दापोली तीसेक किलोमीटर आणि दापोलीहून हर्णै अजून पंधरा-सोळा, दापोली स्टँडवरून एसटी मिळते.

कोणत्या सीझनमध्ये जायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात आंबे असतात हे खरं, आणि आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो तेव्हा तिकडे चौतीस वाचून माणसं खुश होतात, पण तिकडचं चौतीस अंगाला चिकटतं. कूलर तिथे काही कामाचा नाही.

पावसाळ्यात हिरवंगार दिसतं पण पाऊस म्हणजे पाऊस. जळगावात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, दापोलीत साडेतीन हजारांच्या आसपास. शिवाय १ जून ते ३१ जुलै सरकारची मासेमारी बंदी असते, तेव्हा मासळीची वीण असते म्हणून. होड्या किनाऱ्यावर चढवून झावळ्या-प्लास्टिकने झाकलेल्या, बंदर सामसूम, समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्यावर जायची बोटही बंद. नंतर नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की परत हलचल सुरू होते, म्हणजे बंदी उठल्यावरही बरेच जण नारळ वाहिल्याशिवाय होडी काढत नाहीत, माझे वडीलही नाही काढायचे.

मासळीचा लिलाव बघायला मिळतो म्हणतात, तो कधी आणि कुठे?

रोज, बंदराच्या वाळूवरच. सकाळी एकदा असतो आणि दुपारी उन्हं कलली की दुसऱ्यांदा. मला विचाराल तर संध्याकाळचा बघा. आणि किल्ला, बीच, देऊळ काहीही राहिलं तरी चालेल पण हा चुकवू नका, कारण आमचं गाव म्हणजे हेच आहे, बाकीच्या वस्तू त्याच्या कडेला उभ्या आहेत.

होतं काय, की मोठ्या होड्या उथळ पाण्यात किनाऱ्याला लागत नाहीत, लांबच नांगर टाकून उभ्या राहतात. तिथून मासळी वाळूपर्यंत आणायची कशी, तर लहान होड्यांनी आणि बैलगाडीने. हो, बैलगाडीने. बैल छातीपर्यंत समुद्रात उतरतात, गाडीची चाकं अर्धी पाण्याखाली, टोपल्या चढवल्या की तसेच वळून भिजलेल्या वाळूतून वर येतात. सासरे पहिल्यांदा आले तेव्हा मासळी, बायका, होड्या सगळं सोडून ते त्या बैलांकडेच बघत उभे राहिले. मग गाडीवाल्याला विचारलं, खाऱ्या पाण्याने खुरांना काही होत नाही का. तो म्हणाला, रोज रात्री गोड्या पाण्याने धुतो दादा, नाहीतर मीठ खातं. मग दोघं अर्धा तास बैलांवरच बोलत बसले, एक कापूस-केळीतला माणूस आणि एक पापलेट वाहणारा. पोळ्याचा विषयही निघाला.

वाळूवर मासळीचे ढीग पडतात, भोवती गोल करून बायका उभ्या राहतात, लिलाववाला आकडा चढवत जातो आणि आपल्याला कळायच्या आत सौदा तुटतो. कोणी हात वर करत नाही, मोठ्याने बोलत नाही, नुसती मान हलते नाहीतर भुवई, त्यामुळे मध्ये उभं राहून डोकं हलवू नका, आमच्या एका पाहुण्याच्या नावावर अख्खी टोपली मांदेली लागता लागता राहिली. घ्यायचं असेल तर लिलावात घुसू नका, बाजूला मावश्या वाटे लावून बसतात त्यांच्याकडून घ्या. पापलेट, सुरमई, हलवा, बांगडे, कोळंबी, बोंबील, सगळं असतं. घासाघीस करा पण अर्ध्या किमतीला मागू नका, शिव्या ऐकाल आणि त्या कोळी बोलीतल्या असल्यामुळे समजणारही नाहीत.

ताजा मासा ओळखायचा तर कल्ला उघडून बघा, लालबुंद पाहिजे. डोळा चमकदार, आत गेलेला नको. बोटाने दाबल्यावर खड्डा राहिला तर सोडून द्या.

वास येणारच, पायाखाली पाणी-खवले-बर्फ असणारच. नाकाला रुमाल लावून फोटो काढू नका, तिथे माणसं काम करतायत, वाईट दिसतं ते.

भरती-ओहोटीचा टाइम कसा कळतो? ॲप आहे का?

ॲप असतील, आमच्याकडे कालनिर्णय आहे. तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला आणि पहाटे तीनच्या सुमाराला पाणी पूर्ण चढलेलं. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. पंधरवडा बदलला की मोजणी परत एकपासून. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे, पण फिरायला जाणाऱ्याला एवढं बास.

पौर्णिमा-अमावस्येला उधाण, पाणी खूप वर येतं आणि खूप लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फार हलत नाही. हे जळगावच्या माणसाला सांगितलं की आधी हसतात आणि मग तिथे जाऊन घड्याळ लावून बघतात. तुमचा अख्खा प्रोग्राम यावर ठरवा, हॉटेलच्या चेकआउटवर नाही.

सुवर्णदुर्गावर जाता येतं का? काय आहे तिथे?

येतं. बंदरावरून होडी मिळते, पंधरा-वीस मिनिटांत नेते. पण उतरायला धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उडी मारून वाळूवर जायचं, त्यामुळे बूट-सॉक्स-जीन्स घालून येणाऱ्यांचे हाल होतात. साडी असेल तर वर खोचा. म्हाताऱ्या माणसांना होडीतून फेरी मारून आणा, उतरवायचा हट्ट नको. वारा असला किंवा पाणी बरोबर नसलं तर होडीवाला नाही म्हणेल, त्याच्याशी वाद घालू नका, शंभर रुपये जास्त दिल्याने समुद्र ऐकत नाही.

किल्ला मूळचा आदिलशाही. १६६० मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला आणि पक्का केला. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं झाला. महादरवाजा किनाऱ्याच्या बाजूला तोंड करून आहे पण बुरुजांच्या आड असा लपवलाय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे ते कळत नाही. उंबऱ्याच्या दगडावर कासव कोरलंय आणि बाजूच्या तटात मारुती. मी लहान असताना त्या कासवावर पाय न देता उडी मारून आत जायचो, का ते कोणी सांगितलं नव्हतं, सगळी पोरं करायची म्हणून. आत आता वाड्यांची जोती, पाण्याची टाकी-विहिरी आणि रान. पश्चिमेला चोरदरवाजा आहे, तिथून नुसता समुद्र दिसतो. पाणी, टोपी घेऊन जा, वर एकही टपरी नाही आणि नाही तेच बरं आहे.

आता यातली भारी गोष्ट. १७५५ मध्ये नानासाहेब पेशवे आणि तुळाजी आंग्रे यांचं बिनसलं होतं, पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि कमोडोर विल्यम जेम्स याने समुद्रातून तोफा डागून एप्रिलमध्ये किल्ला पाडाव केला. जेम्स विलायतेत परत जाऊन मोठा माणूस झाला, आणि तो वारल्यावर त्याच्या बायकोने १७८४ मध्ये लंडनमध्ये शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर त्याच्या आठवणीसाठी तीन कोपऱ्यांचा बुरूज बांधला. नाव काय ठेवलं, तर सेव्हर्नड्रूग कॅसल. म्हणजे सुवर्णदुर्ग! साहेबाच्या तोंडात आमच्या किल्ल्याचं असं झालं. तो बुरूज अजून उभा आहे. मला यात अभिमान वाटावा की राग यावा हे अजून ठरलेलं नाही, कारण आपल्याच दोघांच्या भांडणात तिसऱ्याने डाव साधला ही गोष्ट आपल्याकडे भाऊबंदकीच्या शेतातही होते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात सुवर्णदुर्ग आहे. आणि आपल्या खानदेशाच्या उंबऱ्यावरचा, बागलाणातला साल्हेरही आहे. साल्हेर १५६७ मीटर उंच, सह्याद्रीतला सगळ्यात उंच किल्ला, आणि हा आमचा लाटांच्या पातळीला. दोन्ही एका यादीत. नवऱ्याला मी म्हटलं, बघा, आपलं लग्न युनेस्कोने पण मान्य केलं.

किनाऱ्यावर अजून किल्ले आहेत ना?

तीन आहेत. कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. समुद्रातल्या किल्ल्याला जमिनीवरून पाठबळ म्हणून. कनकदुर्ग तीन बाजूंनी पाण्यात घुसलेल्या टेकाडावर, तिथे आता दीपस्तंभ आहे, आम्ही लाइटहाउसच म्हणतो. सूर्यास्ताला तिथे जा, बंदर, होड्या आणि सुवर्णदुर्ग एका नजरेत येतो. फत्तेगडावर कोळ्यांची घरं आहेत, तट शोधायला लागतो, लोकांच्या अंगणातून फिरताना जरा विचारून फिरा. गोवा किल्ल्याचा गोव्याशी संबंध नाही, तो रस्त्यालगत आहे आणि तिन्हीत धडधाकट तोच.

देवदर्शन? आई-आप्पा सोबत आहेत.

दोन ठिकाणं. अंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, उजव्या सोंडेचा, टेकडीवर पांढरंशुभ्र देऊळ, गाडी वरपर्यंत जाते. पूर्वी जोग नदीची खाडी तरीने ओलांडायला लागायची, आता पूल झाला. देवळाबाहेरून खाली बघा, नारळाच्या बागा आणि त्यामागे समुद्र.

दुसरं आसूदचं केशवराज. इथे गाडी जात नाही, सुपारीच्या बागांतून खाली उतरायचं, छोटा पूल ओलांडायचा आणि मग पायऱ्या चढायच्या. सावली इतकी दाट की भर दुपारीही अंगावर गार येतं. वर देवळाशी गोमुखातून पाणी पडतं. आप्पांचे गुडघे दुखत असतील तर इथे नको, पण बाकी कोणी आळस केला तर माझं नाव सांगू नका.

बाहेर कोकमाचं सरबत मिळतं, प्या. पाकीट घेताना एक वास घेऊन बघा, रंग-इसेन्सवालं पण असतं.

साने गुरुजी तिकडचेच ना?

हो! आणि हे अमळनेरकरांना ऐकवलेलं आवडत नाही. गुरुजींचा जन्म दापोली तालुक्यातल्या पालगडचा, २४ डिसेंबर १८९९. दापोलीच्या मिशन शाळेत शिकले. १९२४ मध्ये अमळनेरला शिक्षक म्हणून आले, वसतिगृह सांभाळलं, १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच उतरून घेतली. माझी सासू अमळनेरची, ती म्हणते गुरुजी आमचे, मी म्हणते आमचे, हे भांडण दर ११ जूनला, गुरुजींच्या पुण्यतिथीला होतं. पालगडचं घर बघता येतं, दापोलीहून खेडच्या बाजूला जाताना वाट वाकडी करून जा.

शेजारच्या मुरुडात महर्षी कर्वे वाढले. ते परीक्षेला मुरुडहून साताऱ्याला चालत गेले होते, भर पावसात, आणि तिथे वयाने लहान दिसतोस म्हणून बसूच दिलं नाही. मुलांना ही गोष्ट तिथेच उभं करून सांगा, क्लासला स्कूटीवर सोडायला उशीर झाला तर तोंड फुगवतात ती.

पोरांना समुद्रात पोहायचंय, कुठे?

हर्णै बंदरावर नाही. ती कामाची जागा आहे, वाळूत गळ-दोऱ्या-काटे असतात. मुरुड, कर्दे, लाडघर इथे जा. कमरेच्या वर पाण्यात नाही, ओहोटी लागलेली असताना तर नाहीच. तापीत, गिरणेत पोहणारी पोरं फार आत्मविश्वासाने उतरतात, पण नदी एका बाजूला ओढते हे दिसतं, समुद्र खालून पाय ओढतो ते दिसत नाही.

आणि गाडी वाळूवर नेऊ नका, नेऊ नका, नेऊ नका. चुलत दीर नवी गाडी घेऊन फोटो काढायला खाली उतरले, ओली वाळू कडक वाटते म्हणून. एक चाक रुतलं, मग रेस केली, मग दुसरं रुतलं आणि तोपर्यंत भरती सुरू. तिथी तृतीया होती, मी आधीच सांगितलं होतं सव्वादोनपर्यंत पाणी चढणार. पाणी दारापर्यंत आल्यावर गावातल्या पोरांनी ट्रॅक्टर लावून ओढली. पुढे महिनाभर सीटखालून वाळू निघत होती आणि एसी लावला की मासळीचा वास यायचा.

डॉल्फिन? कासवं?

डॉल्फिनच्या होड्या मुरुड-कर्द्याहून सकाळी निघतात. दिसतात बऱ्याचदा, पण उड्या मारणारे नाहीत, पाठ वर येते आणि जाते.

कासवं मला जास्त आवडतात. ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीत रात्री वाळूवर येऊन शंभरेक अंडी घालून जाते. पूर्वी ही अंडी लोक खायचे नाहीतर कोल्हे-कुत्रे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आता अंजर्ल्यालाही होतं. पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाहेर येतात, सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. तळहाताएवढं पिल्लू, फ्लॅश मारायचा नाही, हात लावायचा नाही. कधी एकही निघत नाही, तेव्हा कुरकुर करू नका, ते काही सर्कशीतलं नाही.

आम्ही माळकरी, मासे खात नाही. उपाशी राहू का?

नाही राहणार. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, वालाचं बिरडं, फणसाची भाजी, घावन, सोलकढी, उकडीचे मोदक. होमस्टेवाल्या काकूंना सकाळीच सांगून ठेवा म्हणजे वेगळ्या भांड्यात करतात. पण शेवभाजी मागू नका. एकदा आमच्या मंडळींनी मागितली, त्या बिचारीने शेव आणली आणि भाजी आणली, दोन वेगवेगळ्या वाट्यांत. तिखट कमी वाटणार, ठेचा सोबत न्या. भरिताची वांगी नेलीत तर माझ्या माहेरी पण द्या, तिकडे ती चव नाही.

लेणी आहेत म्हणे?

पन्हाळेकाजी, कोटजाई नदीच्या काठी, २९ लेणी. बौद्ध आहेत आणि नंतरची नाथपंथीही. अजिंठा आपल्या तासाभरावर असल्यामुळे आपल्या डोळ्यांना सवय वाईट लागली आहे, रंगचित्रं शोधत जाऊ नका. शांतता मात्र अजिंठ्यात मिळणार नाही अशी.

गरम पाण्याचं कुंड उन्हवऱ्याला आहे. आपल्याकडचं उनपदेवचं कुंड बघितलेल्यांनी वेळ असेल तरच.

येताना काय आणू?

सुकट, म्हणजे सुकी मासळी. आंबा, काजू, कोकम तुम्ही आणणारच, पण जळगावच्या बाजारात सुके बोंबील कोणत्या भावाने मिळतात ते आठवा आणि तिथून घ्या. सोडे, जवळा, बोंबील. हाताने मोडून बघा, कटकन मोडला पाहिजे, वाकला तर ओल आहे, रस्त्यातच बुरशी धरेल.

आणायची रीत अशी. आधी वर्तमानपत्रात गुंडाळा, मग प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर अजून एक पिशवी, मग स्टीलचा घट्ट डबा, झाकणाच्या कडेला गव्हाच्या पिठाची कणीक मळून लावा. हो, कणीकच, सेलोटेप नाही. रेल्वेत डबा सीटखाली सरकवा आणि त्यावर स्वतःच्या चपला ठेवा. भुसावळपर्यंत जाणारे शेजारी असतील आणि मनमाडच्या आसपास नाक वर करून विचारायला लागले की कसला वास येतोय हो, तर चपलांकडे बघायचं आणि काही बोलायचं नाही.